क्षयाच्या भावकीतला

आमच्या प्रयोगशाळेत दर सोमवारी अंडी फोडली जायची, तीही डझनांनी. साबणाने धुतलेली, स्पिरिटने पुसलेली अंडी मी एकामागून एक काचेच्या चंबूत फोडायचे, काचेचे मणी घालून तो चंबू हलवायचे, मग सगळं मलमलीतून गाळून त्यात हिरवा रंग मिसळायचा. ते नळ्यांत भरून, नळ्या तिरप्या ठेवून मंद आचेवर घट्ट केलं की पिस्त्याच्या बर्फीसारखा थर तयार व्हायचा. क्षयाच्या जंतूंना आणि त्यांच्या नातेवाइकांना हेच खाणं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, अंधेरीतल्या एका संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, मी पीएच.डी.च्या नावाखाली हा स्वयंपाक करत होते. घरी मात्र मला साधा चहासुद्धा नीट येत नाही, असं आईचं मत होतं.

आत्याला या अंड्यांचं भारी कुतूहल होतं.

"एवढी अंडी फोडतंस, मग खाता कोण गो ती?" तिने एकदा विचारलं.

"जंतू."

"मेल्यांचे लाड बघ," ती म्हणाली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन कोकणातून परळला आली, नवरा गिरणीत होता. मी जन्मायच्या आधीच तो क्षयाने गेला आणि त्याच्या जागी गिरणीने तिला वाइंडिंग खात्यात घेतलं. मी लहान असताना आम्ही सगळे परळच्या एकाच खोलीत राहायचो. आईची शाळा सकाळची आणि आत्याची पाळी दुपारची, त्यामुळे माझ्या सकाळी आत्याच्या वाट्याला आल्या. मला त्या सकाळींतलं एकच चित्र दिसतं: आई गेलेली आहे, दार लोटलेलं आहे, उन्हाचा एक पट्टा हळूहळू लादीवरून आमच्या गोधडीकडे सरकतोय, आणि मी आत्याच्या कुशीत पडून तिच्या केसांतले कापसाचे तंतू वेचतेय. कितीही वेचले तरी ते संपायचे नाहीत. ती अर्धवट झोपेत असायची आणि तिचा हात माझ्या पाठीवर असायचा. तो पट्टा गोधडीला शिवला की उठायचं, असा आमचा करार होता, आणि मला तो पट्टा कधी पुढे सरकूच नये असं वाटायचं.

पुढे बाबांनी घाटकोपरला दोन खोल्यांची जागा घेतली, त्यानंतर काही वर्षांनी गिरणी बंद पडली, आणि आत्या घरात बसली. बसली म्हणजे नावाला. पहाटे पाणी यायचं, ते भरायचं काम तिने कुणालाच करू दिलं नाही. मोरीत पिंपाशेजारी पाटावर बसून ती नळाची धार बघत राहायची. तुषार तिच्या तोंडावर उडायचे आणि ती ते पुसायचीही नाही. मी दात घासत उभी असायचे. "काय बघतेस?" म्हटलं तर म्हणायची, "काय नाय. बरा वाटता."

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. गिरणीतल्या माणसाला खोकला असतोच. मग ताप येऊ लागला, अंग उतरलं, एक्स-रे झाला. उजव्या बाजूला वरच्या अंगाला डाग. बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात जंतूंच्या लाल काड्या दिसल्या. डॉक्टरांनी क्षय म्हणून सांगितलं. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या.

आत्याला त्याचं जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. दवाखान्यातून आली आणि आपली गादी उचलून तिने बाल्कनीत नेली. आमची बाल्कनी ग्रिल लावून बंद केलेली होती, तिच्यात एक माणूस जेमतेम आडवं होईल एवढी जागा. ताट-वाटी-पेला वेगळा झाला. उंबरठ्याच्या आत ती यायची नाही आणि आम्ही कुणी बाहेर जायचं नाही. मोरीत जायचं असलं की आधी आवाज द्यायची, मग आम्ही बाजूला सरायचं. पाणी भरणं आईकडे आलं. बाबा चिडले, आईने समजूत घातली, पण आत्या म्हणजे आत्या.

"ह्यां त्यांचांच आसा," ती गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणायची. "त्यांच्यापासून माझ्याकडे इलां. आता माझ्यापासून पुढे नाय जाता कामा."

मला याचा फार राग यायचा. मी दिवसभर त्याच कुळातले जंतू नळ्यांत वाढवत होते, मला काही होत नव्हतं, आणि घरी माझ्या आत्याने मला हद्दीबाहेर ठेवलं होतं. बरं, औषधं नियमित घेतली की थोड्या दिवसांत संसर्ग थांबतो, हे मी तिला शिरा ताणून सांगत होते. पण औषधं नियमित चालली होती आणि खोकला तसाच होता. वर्ष उलटलं. बेडक्यात काड्या दिसतच होत्या. माझ्या शास्त्राची तिच्यापुढे पार वाट लागली होती. मी उंबरठ्याच्या अलीकडे बसायचे, ती पलीकडे, आणि आम्ही गप्पा मारायचो. मधे लाकडाची चार बोटं रुंद पट्टी होती. तेवढी ओलांडून तिच्याशेजारी जाऊन पडावं, यापलीकडे त्या वर्षात मला काही नको होतं.

माझा विषय क्षयाचा जंतू नव्हता. त्याची भावकी होती. क्षयाचा जंतू माणसाशिवाय राहू शकत नाही. त्याचे भाऊबंद मात्र मातीत, तळ्यात, नळाच्या पाण्यात, कुठेही मजेत राहतात. आडनाव एक, वळण वेगळं. आपण ते रोज पितो, रोज श्वासातून आत घेतो आणि त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नसतं. मग त्यांतलाच एखादा कधीतरी एखाद्या माणसाच्या छातीत घर का करतो, हा प्रश्न होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला तो दिला, आणि देताना म्हणाल्या, "उत्तर मिळेल अशी आशा ठेवू नकोस, पण बघायला मजा येईल."

मजा खरंच यायची. भावकीतल्या एका जंतूचे एकाच आईची लेकरं म्हणावीत असे दोन प्रकार एकाच बशीत उगवायचे. काही ठिपके पातळ, पसरट, इतके पारदर्शक की उजेडाकडे तिरपं धरल्याशिवाय दिसायचेच नाहीत. काही गुबगुबीत, पांढरे, घुमटासारखे. पातळ ठिपक्यातले जंतू उंदराला टोचले तर उंदीर आजारी पडायचा. गुबगुबीतांतले टोचले तर त्याच्या मिशीलासुद्धा धक्का लागायचा नाही. आणि या अंड्यांच्या खाण्यावर पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं, की पातळ कमी होत जायचे, गुबगुबीत वाढत जायचे. "माणसं लाडाने बिघडतात," बाई म्हणायच्या, "हे लाडाने सुधारतात." हा फरक कुठे लिहिलेला असतो ते शोधण्यासाठी त्यांचा डीएनए बाहेर काढायचा, तर यांच्या अंगावर मेणाचं असं जाड कवच की सगळी रसायनं वरून ओघळून जायची. मी महिनोन् महिने ते कवच फोडत बसले. हाती यायचा तो कधी एखादा पुसट धागा, जेलवर उमटलेली कधी एखादी फिकट पट्टी. दुपारी उबेच्या खोलीत नळ्या तपासताना डोळे मिटायला लागायचे आणि मला वाटायचं, ते जंतूही असेच पेंगत असतील. इतके सावकाश वाढतात ते. साधा जंतू वीस मिनिटांत दोनाचे चार होतो, यांना एकाचे दोन व्हायला अख्खा दिवस लागतो.

आत्याच्या औषधांचा उपयोग होईना तेव्हा डॉक्टरांनी बेडका कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवला. दीड महिना वाट पाहिली. उत्तर आलं: नमुना दूषित, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवला, पुन्हा दीड महिना, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाठवायची वेळ आली तेव्हा मी स्वतः त्या प्रयोगशाळेत गेले. तिथला तंत्रज्ञ भला माणूस होता. मी विचारलं, "दूषित म्हणजे नक्की काय दिसलं?"

"पिवळं आलं हो," तो म्हणाला. "आधी चांगलं क्षयासारखं क्रीम रंगाचं आलं होतं. पण दोन दिवसांनी बघतो तर पिवळंधमक. पिवळं, केशरी आलं की आम्ही टाकून देतो. बाहेरची घाण असते ती."

त्याचं काही चूक नव्हतं. आमच्या धंद्यात सगळीकडे हीच रीत होती. क्षय शोधायचा असेल तर रंगीत ते सगळं फेकायचं, कारण क्षयाचा जंतू रंग दाखवत नाही. मी त्याचे आभार मानले आणि निघता निघता त्याच्या टेबलाकडे पाहिलं. टेबल खिडकीला लागून होतं. छान मोठी, पश्चिमेची खिडकी. तपासलेल्या नळ्यांचा स्टँड तिथे उन्हात उभा होता, आणि दारात मी थबकलेच.

भावकीत एक असा आहे, की अंधारात वाढला तर त्याला रंग नसतो. उजेड दाखवला की तो पिवळा होतो. उबवणीच्या पेटीत अंधार असतो. तिथून काढून नळी खिडकीशी धरायची, वाढ दिसतेय का बघायची, मग ती तशीच टेबलावर राहू द्यायची, हे सगळेच करतात. बाहेरची घाण वगैरे काही नव्हती. यांच्या टेबलावरच्या उन्हाने तो रंग आला होता, आणि आत्याचा जंतू दोनदा आपलं नाव सांगून दोनदा कचऱ्यात गेला होता.

तिसरा बेडका मी बाईंच्या परवानगीने आमच्याकडे नेला. पहाटे आत्याने उंबरठ्यावर डबी ठेवली, मी ती उचलली आणि अंधेरीची बस पकडली. असल्फा, साकीनाका, मरोळ, सगळा रस्ता ती डबी मांडीवरच्या पिशवीत होती आणि मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. दोन नळ्यांत पेरलं. एका नळीला फोटोच्या कागदाचं काळं वेष्टण गुंडाळलं, दुसरी तशीच ठेवली. मग वाट पाहणं.

त्या आठवड्यांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. काही घडलंच नाही. मी अंडी फोडली, नळ्या भरल्या, पेटी उघडून पाहिली आणि बंद केली. संध्याकाळी घरी येऊन उंबरठ्याशी बसले. आत्या ग्रिलमधून खालच्या रस्त्याकडे बघायची. रस्त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याने पाण्याचे मोठे काळे पाइप गेले होते आणि त्यांच्यावरून माणसं चालत जायची. संध्याकाळच्या उजेडात ती माणसं जमिनीपासून सुटून तरंगत चालल्यासारखी वाटायची. "खय जातत गो एवढी?" आत्या विचारायची. मी म्हणायचे, "घरी."

एके दिवशी हिरव्यावर क्रीम रंगाचा खडबडीत कण दिसला. मग अजून काही. दोन्ही नळ्यांत सारखे. उघडी नळी मी खिडकीत ठेवली, दुपारभर तिच्यासमोर बसून राहिले, आणि संध्याकाळी परत पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा ती लिंबाच्या सालीसारखी पिवळी झालेली होती. काळ्या कागदातली नळी सोडवली. तिच्यातले कण क्रीम रंगाचेच होते. दोन्ही नळ्या स्टँडमध्ये शेजारी शेजारी ठेवून मी बाईंना बोलवायला गेले.

बाई कधी घाई करायच्या नाहीत. त्यांनी आणखी चाचण्या करायला लावल्या. क्षयाचा जंतू ज्या रसायनावर मरतो, त्यावर हा निवांत वाढला. क्षयाच्या जंतूची जी खूण नायसिनच्या चाचणीत दिसते, ती याच्यात दिसली नाही. मग त्यांनी चष्मा काढला. "भावकीतला आहे," त्या म्हणाल्या. "पाण्यात राहणारा. गिरणीच्या तंतूंनी छाती आधीच झिजलेली असेल, तिथे शिरला असावा. माणसाकडून माणसाला जात नाही हा. याला तुझ्या आत्याची ती औषधं पुरत नाहीत, त्यात एक लाल कॅप्सूल असते, ती घातली पाहिजे. पत्र देते मी डॉक्टरांना. जा घरी."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. मरोळच्या कारखान्यांवर मऊ ऊन पडलं होतं. मी एकच वाक्य मनात घोळवत होते: आत्या, गादी उचल, आत ये. मधेच डोळा लागायचा आणि मला उन्हाचा तो लादीवरचा पट्टा दिसायचा, गोधडीपासून अजून लांब असलेला. जागी झाले की पुन्हा तेच वाक्य. आयुष्यात इतकं सुख मला त्याआधी झालं नव्हतं, पीएच.डी. मिळाली तेव्हाही झालं नाही.

आत्या मांडीवर सूप घेऊन कुळीथ निवडत होती. आई-बाबा अजून यायचे होते. मी पर्स कोपऱ्यात टाकली आणि उंबरठ्यावरच बसले, अगदी पट्टीवर. ती ओरडणार तेवढ्यात मी बोलायला सुरुवात केली. नळी, उजेड, पिवळा रंग, भावकी, पाणी, सगळं सांगितलं. तिला कळेल असंच सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुझा आजार कुणाला लागत नाही, आत्या. आणि कुणाकडून लागलेलाही नाही. नळातून आला तो. गादी उचल, आत ये."

तिने कुळथातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"म्हणजे ह्यां त्यांचां न्हय?"

"नाही."

"नक्की?"

"त्यांचा जंतू वेगळा होता. याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

मला वाटलं, ती हसेल. ती सुपाकडे बघत राहिली. मग बोलायला लागली तेव्हा तिचं अर्धं बोलणं मालवणी आणि अर्धं परळचं होतं, ती नेहमी बोलायची तसंच, पण आवाज फार हळू होता.

"ते माका जवळ येव देत नव्हते. चाळीच्या गॅलरीत झोपायचे. जेवण तिकडेच सरकवायचं. मी लांब बसायची. बावीस-तेवीस वर्षांचा जीव, बाय. ताट आत आणलं की घासायच्या आधी त्यांचं उरलेलं मी खायची. रोज. एकदा त्यांनी बघितलं. रडले. म्हणाले, तुका काय झाला तर मी वर जाऊन काय सांगू?" तिने सूप खाली ठेवलं. "माका व्हायलाच हवा होता. कायच झाला नाय. ते गेले, मी तशीच. एवढी वर्षं गिरणीत उभी राहिले, धडधाकट. आणि मग खोकला आला ना, तेव्हा वाटलं, चला, आले एकदाचे."

बाल्कनीत ती एकटी राहते म्हणून मी वर्षभर जळत होते. ती तिथे एकटी नव्हतीच. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईटातही ती आत यावी असंच वाटत होतं.

ती आत आली. त्याच संध्याकाळी, कुणी आणखी आग्रह न करता. गादी गुंडाळून स्वतःच आणली. बाबांना भिंतीकडे तोंड करून डोळे पुसावे लागले. लाल कॅप्सूल सुरू झाल्या, लघवी केशरी झाली म्हणून तिने एकदा सगळं घर डोक्यावर घेतलं, आणि हळूहळू ताप गेला, अंग भरलं. पाणी भरणं बाबांनी तिला पुन्हा करू दिलं नाही. बेडक्यात काड्या दिसायच्या बंद झाल्या. कशाने तो जंतू तिच्याच छातीत शिरला, माझ्या का नाही, आईच्या का नाही, आम्ही सगळे तर तेच पाणी वापरत होतो, हे मला तेव्हा सांगता आलं नाही आणि प्रबंधातही नीट लिहिता आलं नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत चटईवर मटार सोलत बसलो होतो. बाहेर कुठेतरी रेडिओ चालू होता. सोलता सोलता तिचे हात थांबले. मी विचारलं, "काय गं, दुखतंय का?"

"छ्या. कायच दुखत नाय," ती म्हणाली. "बरी झाले गो मी." मग बाल्कनीच्या ग्रिलकडे बघत म्हणाली, "आता ते खरंच गेले."

मी तिच्या मांडीवरची परडी बाजूला सरकवली आणि तिथे डोकं ठेवलं.